देणेकरी कोण?

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक हेडकॅशियरकडे राहते, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे एकत्र आल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. बँकेच्या भाषेत याला 'जॉइंट कस्टडी' म्हणतात. यात कोणाच्या प्रामाणिकपणावर संशय नसतो. उलट, चांगल्या माणसावर एकट्याने मोहाला तोंड देण्याची वेळ येऊ नये, एवढीच त्यामागची बुद्धी. ३७ वर्षे मी या किल्ल्यांच्या संगतीत काढली. त्यामुळे निवृत्तीनंतर एका फ्रेंच संताने केलेली नियमावली वाचताना, पैशाच्या पेटीला दोन वेगवेगळी कुलपे असावीत व त्यांच्या किल्ल्या दोन वेगळ्या बायकांकडे असाव्यात, हे कलम समोर आले तेव्हा मी पुस्तक खाली ठेवले आणि चक्क हसलो. संतांच्या चरित्रांत दृष्टान्त असतात, चमत्कार असतात. कुलपे सहसा नसतात.

या संताचे नाव व्हिन्सेंट दी पॉल. जन्म १५८१ सालचा, फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातल्या पूय नावाच्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी. लहानपणी गुरे-डुकरे राखलेली. शिकायला गावाबाहेर गेल्यावर, लंगडत चालणारा, साध्या कपड्यांतला बाप शाळेत भेटायला आला, तर त्याला भेटायची या मुलाला लाज वाटली. हे त्याने स्वतःच पुढे म्हातारपणी सांगून ठेवले आहे. १६०० साली तो धर्मगुरू झाला, पण डोळे लागले होते ते चांगल्या उत्पन्नाच्या जागेकडे. १६१० साली आईला लिहिलेल्या पत्रात हा तरुण, आपल्याला मानाची निवृत्ती मिळेल आणि उरलेले दिवस तुझ्याजवळ काढता येतील, अशी आशा व्यक्त करतो. निवृत्तीची स्वप्ने पाहणारे सहकारी मी पुष्कळ पाहिले. पण तिशीच्या आत तिचा हिशेब मांडणारा संत हा एकच! प्रत्यक्षात १६६० मध्ये डोळे मिटेपर्यंत त्याला निवृत्ती मिळाली नाही.

त्याच्या आयुष्याला वळण लागले ते १६१७ मध्ये. लिऑनच्या बाजूला शातियों नावाचे लहानसे गाव आहे. व्हिन्सेंट तिथे नुकताच आलेला. ऑगस्टमधल्या एका रविवारी, तो मिस्सेची वस्त्रे अंगावर घालत असताना निरोप आला, की गावाबाहेर एका घरातली सगळीच माणसे आजारी पडली आहेत आणि त्यांना बघायला कोणी नाही. प्रवचनात त्याने ती गोष्ट लोकांच्या कानावर घातली. नंतर तो स्वतः त्या घराकडे निघाला, तर वाटेवर बायकांची रीघ लागलेली. कोणी जाते आहे, कोणी परतते आहे, ऊन इतके की काही जणी रस्त्याच्या कडेला बसून दम खाताहेत. आपल्या प्रवचनाचा एवढा परिणाम पाहून कोणत्याही धर्मगुरूला धन्य वाटावे. व्हिन्सेंटच्या मनात मात्र निराळाच विचार आला. आज या घरात इतके अन्न आले आहे की त्यातले पुष्कळसे नासून जाईल. आणि उद्या? परवा? या गावात दया उदंड आहे, पण तिला व्यवस्था नाही.

काही दिवसांतच त्याने गावातल्या मोजक्या बायका एकत्र केल्या, पाळ्या लावल्या आणि वर्षअखेरीपर्यंत नियमावली लिहून मंजूरही करून घेतली. पेटी, कुलपे, खजिनदार, हिशेब हे सारे त्यात आले. रोजच्या किरकोळ खर्चासाठी खजिनदाराने हातात किती रक्कम ठेवावी, हेसुद्धा! पण त्याच नियमावलीत आणखीही काही आहे. जेवण घेऊन जाणाऱ्या बाईने रोग्याशी प्रेमाने, हसतमुखाने बोलावे. त्याच्यापुढे स्वच्छ कापड अंथरावे, त्याचे हात धुवावेत, मांसाचे तुकडे करून द्यावेत, दोन शब्द बोलून त्याला खाण्याची इच्छा होईल असे करावे. आणि मग एक कलम येते. ज्याच्याजवळ घरचे कोणी आहे त्या रोग्यापासून सुरुवात करावी. ज्याला कोणीच नाही, त्याच्याकडे सर्वांत शेवटी जावे. म्हणजे त्याच्यापाशी अधिक वेळ थांबता येईल.

हे कलम मी दोन-तीनदा वाचले. कामाचा उरक वाढवण्याचे प्रशिक्षण बँकेने आम्हाला अनेकदा दिले, त्यात असले काही कोणी शिकवले नव्हते. हे ज्याला सुचले तो अशा एकट्या माणसाच्या उशाशी नक्की बसलेला असणार. आणि नुसते बसून हे सुचत नाही. त्या माणसाकडे पाहायची एक विशिष्ट नजर असावी लागते. ही नजर येते कुठून, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

मी जन्माने ख्रिस्ती नाही आणि नेमाने प्रार्थना करणाऱ्यांपैकीही नाही. तरी कॅथलिक परंपरेतल्या या प्रश्नात मी गुंतलो त्याचे कारण १९९३ साली झालेली माझी वसईची बदली. वसई म्हणजे केळीच्या वाड्या, पानवेली, चर्चच्या घंटा आणि पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारा, मराठीतून मिस्सा ऐकणारा ख्रिस्ती समाज. आमच्या शाखेत तिथलेच एक कॅशियर होते. वयाने माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, मितभाषी, नोटा मोजताना ओठ हलायचे तेवढेच. आठवड्यातून एका संध्याकाळी मात्र ते घड्याळाकडे पाहत आणि कॅश जुळताच निघत. चौकशी केल्यावर कळले, ते 'सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी'चे सभासद होते. त्या सभेला जायचे असे.

या सोसायटीच्या कामाची पद्धत त्यांनी मला सांगितली ती माझ्यातल्या बँकवाल्याला फार आवडली. सभा प्रार्थनेने सुरू व्हायची आणि प्रार्थनेनेच संपायची. मध्ये एखादा उतारा वाचून त्यावर दोन शब्द बोलायचे. मग गेल्या आठवड्यात कोणाच्या घरी गेलो, काय पाहिले, काय दिले, काय लागेल, याचा तपशील द्यायचा. गरिबाच्या घरी जाताना शक्यतो दोघांनी जायचे. त्या घराचे नाव सभेबाहेर काढायचे नाही. आणि प्रत्येक सभेत एक पिशवी फिरायची. प्रत्येकाने तीत मूठ घालायची. कोणी किती टाकले हे शेजारच्यालाही कळता कामा नये. पावतीशिवाय एक रुपया न स्वीकारणाऱ्या माणसाच्या तोंडून मी हे ऐकत होतो!

मी एकदा त्यांना सहज विचारले, "तुम्ही मदतीला जाता ते ठीक आहे. पण आधी ती प्रार्थना कशाला? तेवढ्या वेळात आणखी एक घर होईल."

त्यांनी पुडके बांधत शांतपणे उत्तर दिले, "साहेब, प्रार्थना न करता गेलो ना, तर मी वसुलीला गेल्यासारखा जातो."

तेव्हा मला ते नीट कळले नाही. पुढे कळत गेले.

वसुलीला गेलेल्या माणसाला काय दिसते ते मी सांगू शकतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाच्या काळात आम्ही गावोगाव म्हशी, शेळ्या, शिलाईयंत्रे यांची कर्जे वाटली. त्यानंतर गावात शिरलो की ओळखीची माणसे रस्ता बदलत. मारुतीच्या पारावर बसलेला एखादा हळूच उठून घरामागे जाई. कर्जदाराने सावकाराला चुकवावे, हे जगरहाटीला धरूनच आहे. पण हाच प्रकार मी जिथे कर्जाचा संबंध नव्हता तिथेही पाहिला आहे. ज्याला फुकट मदत मिळाली, परत काही द्यायचे नाही, तोही मदत करणाऱ्याला पाहून रस्ता बदलतो. कारण देणाऱ्याच्या नजरेत एक न लिहिलेली वही असते. तू सुधारलास का? दारू सोडलीस का? मुलगी शाळेत जाते का? माझी आठवण ठेवतोस का? हप्ते पैशांचे नसतात, कृतज्ञतेचे असतात. आणि ते कधीच फिटत नाहीत. दान देणारा माणूस त्याच्याही नकळत सावकार होतो.

आजकाल तर ही वही उघडउघड लिहिली जाते. एका शाळेत वह्यावाटपाचा समारंभ होता. मी प्रेक्षकांत होतो. मागे फलक, पुढे पाहुणे. पहिल्या रांगेतल्या मुलीने वही घेतली आणि ती जाऊ लागली, तर तिला थांबवण्यात आले, कारण छायाचित्र नीट आले नव्हते. वही परत पाहुण्यांच्या हातात गेली. मुलीने पुन्हा हात पुढे केले. त्या दुसऱ्या वेळचा तिचा चेहरा मला आठवतो. पहिल्यांदा तिने वही घेतली होती. दुसऱ्यांदा तिने व्याज भरले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कॅथलिक परंपरेतल्या ज्या माणसांनी गरिबांसाठी सर्वांत व्यवहारी कामे उभी केली, त्यांनीच प्रार्थनेचा आग्रह सर्वांत अधिक धरला, असे का? मला वाटते, ही परंपरा प्रार्थनेकडे या वहीवरचा उतारा म्हणून पाहते. प्रार्थनेत माणूस देणारा नसतो, मागणारा असतो. दिवसातून काही वेळ तरी त्याला हात पसरून उभे राहावे लागते. येणी-देणी उलटी होतात. सावकार ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो.

ही कल्पना व्हिन्सेंटच्याही पुष्कळ आधीची आहे. चौथ्या शतकात आशिया मायनरमधल्या सिझेरियाचे बिशप बेसिल यांनी शहराबाहेर गरिबांसाठी, रोग्यांसाठी आणि वाटसरूंसाठी आश्रयस्थानांची वसाहतच उभारली. त्यांची शिकवण रोखठोक होती. घरात साठवलेली भाकरी भुकेल्याची आहे, पेटीत पडून राहिलेला अंगरखा उघड्याचा आहे. त्यांच्याच काळातले मिलानचे बिशप अँब्रोज यांचे म्हणणे होते, की गरिबाला जे देता ते तुमचे नव्हेच. त्याचेच त्याला परत करता. १९६७ साली पोप सहावे पॉल यांनी विकासाविषयीच्या आपल्या प्रसिद्ध पत्रात अँब्रोज यांच्या या विचाराचा आधार घेतला होता. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर ज्याला आपण 'दानधर्म' या खर्चाच्या शीर्षाखाली टाकतो, ती रक्कम मुळात 'देणी' या बाजूला हवी. ती थकबाकी आहे. थकबाकी भरणारा माणूस कोणाकडून आभाराची अपेक्षा करतो का?

मत्तयच्या शुभवर्तमानात अखेरच्या न्यायाचे जे चित्र आहे, त्यातही मला हीच खूण दिसते. भुकेल्याला खाऊ घातले का, तहानेल्याला पाणी दिले का, तुरुंगातल्याला भेटलात का, एवढेच तिथे विचारले जाते. आणि जे केले ते प्रत्यक्ष राजासाठीच केले असे सांगितले जाते. ख्रिस्ती प्रवचनांत यावर नेहमी भर असतो. मला मात्र उत्तीर्ण झालेल्यांचा गोंधळ मोलाचा वाटतो. ते चकित होऊन विचारतात, आम्ही हे केले तरी कधी? म्हणजे त्यांनी वहीच ठेवली नव्हती!

व्हिन्सेंटने हा विचार रस्त्यावर आणला. १६३३ मध्ये लुईझ द मारियाक या विधवेच्या साहाय्याने त्याने 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' हा सेविकांचा संघ स्थापन केला. या कामाचा कित्ता घालून दिला होता मार्गरीट नासो या गुराखी मुलीने. ती स्वतःच्या जिद्दीने वाचायला शिकली, मग इतर मुलींना शिकवत हिंडली आणि प्लेगने आजारी असलेल्या एका बाईला आपल्या अंथरुणात जागा देऊन १६३३ मध्येच त्या साथीत गेली. त्या काळी जोगिणींना मठाच्या भिंतीआड राहावे लागे. व्हिन्सेंटने आपल्या सेविकांना जोगिणी म्हणवूनच घेतले नाही. आजाऱ्यांची घरे हाच तुमचा मठ आणि शहराचे रस्ते हेच तुमचे आवार, अशा अर्थाचे तो त्यांना सांगे. आजही या संघाच्या सेविकांची व्रते एका वर्षापुरती असतात. दर वर्षी २५ मार्चला त्या ती नव्याने घेतात. कोणतेही खाते वर्षातून एकदा तपासून नूतनीकरणाला आणणाऱ्या माझ्यासारख्याला ही पद्धत शहाणपणाची वाटते.

या सेविका पहाटे चारला उठून ध्यान करीत. पण त्या वेळी दारात कोणी गरीब आला, कोणाला औषध पोचवायचे असले, तर प्रार्थना सोडून निःशंक जावे, असा व्हिन्सेंटचा दंडक होता. कारण ते देवाला सोडून जाणे नव्हे. एका ठिकाणच्या देवाला सोडून दुसऱ्या ठिकाणच्या देवाकडे जाणे आहे. मराठी वाचकाला यात परके काहीच वाटणार नाही. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी करणारे एकनाथ आपल्या पुराणातच आहेत. फरक एवढाच की व्हिन्सेंटने त्या प्रसंगाचे कलम केले.

मात्र या कलमाचा सोयीस्कर अर्थ लावणारे तेव्हाही असतील. काम हीच पूजा म्हणायचे आणि पूजेचा वेळ वाचवायचा! व्हिन्सेंटला ही पळवाट मान्य नव्हती. गरिबासाठी प्रार्थना सोडायची मुभा होती, कंटाळ्यासाठी नव्हे. ज्याने प्रार्थना धरलीच नाही, तो ती सोडणार कशी? प्रार्थना सुटली तर संघ टिकणार नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. आणि हा काही हवेत बोलणारा माणूस नव्हता. लोरेन प्रांत युद्धाने उद्ध्वस्त झाला तेव्हा त्याने पॅरिसमध्ये पैसा उभा केला आणि आपल्या संघातल्या मॅथ्यू रेनार नावाच्या बंधूबरोबर तो तिकडे पाठवला. लुटारू सैनिकांनी भरलेल्या मुलखातून या बंधूने पन्नासहून अधिक खेपा केल्या आणि एकदाही तो लुटला गेला नाही. रोकड ने-आण करण्याची जबाबदारी ज्यांनी पेलली आहे, ते या पराक्रमाला मनापासून नमस्कार करतील.

आमच्या कॅशियरांची सोसायटी व्हिन्सेंटच्या नावाची असली तरी त्याने काढलेली नव्हती. ती निघाली त्याच्या मृत्यूनंतर पावणेदोनशे वर्षांनी, पॅरिसमध्येच, विद्यार्थ्यांच्या एका वादसभेतून. फ्रेडरिक ओझानाम नावाचा कायद्याचा विद्यार्थी ख्रिस्ती धर्माची बाजू हिरीरीने मांडत असे. विरोधकांनी त्याला कोंडीत पकडले. तुमच्या धर्माने पूर्वी काय केले ते राहू द्या. आज पॅरिसच्या गरिबांसाठी तुम्ही काय करता? प्रश्न रास्त होता. आदल्याच वर्षी, १८३२ मध्ये, कॉलऱ्याने शहरात हाहाकार उडवला होता. २३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, मोजक्या मंडळींची पहिली बैठक झाली. काम कसे करायचे हे मात्र या सुशिक्षित पोरांना ठाऊक नव्हते. ते त्यांना शिकवले सिस्टर रोझाली रांदू यांनी. त्या व्हिन्सेंटच्याच सेविकासंघातल्या होत्या आणि पॅरिसच्या मुफ्तार भागातल्या दरिद्री वस्तीत वर्षानुवर्षे राबत होत्या. कोणत्या घरात जायचे, दार कसे ठोठवायचे, उपदेश कसा टाळायचा, हे धडे त्यांनी दिले.

ओझानाम पुढे सोर्बोनमध्ये साहित्याचा प्राध्यापक झाला, दान्तेचा अभ्यासक म्हणून गाजला आणि १८५३ मध्ये चाळिसाव्या वर्षी गेला. गरिबांच्या घरी जाता जाता त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. वाटेत पडलेल्या जखमीच्या जखमा दया बांधते. पण मारहाण थांबवणे हे न्यायाचे काम आहे. मजुरीचे दर, कामाचे तास यांविषयी तो बोलू लागला तो या अनुभवातून. प्रार्थना माणसाला डोळे मिटायला लावते, हा आक्षेप आपण नेहमी ऐकतो आणि तो अनेकांच्या बाबतीत खराही असतो. ओझानामच्या बाबतीत मात्र प्रार्थनेने डोळे उघडलेले दिसतात.

न्यूयॉर्कच्या डोरोथी डे यांची गोष्ट सांगितल्याशिवाय माझ्यातला बँकर पुढे जाऊ देणार नाही. या पूर्वायुष्यात डाव्या चळवळीतल्या पत्रकार. कॅथलिक झाल्यावर १ मे १९३३ रोजी त्यांनी पीटर मोरीन यांच्यासह 'कॅथलिक वर्कर' हे एका सेंटचे पत्र सुरू केले आणि त्याबरोबर बेघरांसाठी अन्न-निवाऱ्याची घरे. रोजची मिस्सा त्यांनी सोडली नाही. त्यांचे एक घर भुयारी रेल्वेच्या कामासाठी महापालिकेने ताब्यात घेतले. नुकसानभरपाई मिळायला उशीर झाला म्हणून तीवर व्याजही मिळाले. १९६० मध्ये डे यांनी ते व्याज, ३,५७९ डॉलर आणि ३९ सेंट, शहराच्या खजिनदाराला परत पाठवले. पैशाला पैसा लागतो हे आम्हाला मान्य नाही, असे कळवून! माझी उभी हयात व्याजावर गेली. निवृत्तिवेतन येते तेही त्यातूनच. तेव्हा या बाईंशी सहमत होणे मला शक्य नाही. पण रांगेत सूपसाठी माणसे उभी असताना ३९ सेंटसुद्धा परत करणाऱ्या व्यक्तीने मनातली वही खरोखरच फाडली होती, याविषयी मला शंका नाही.

मदर तेरेसांचे नाव आतापर्यंत का आले नाही, असे वाचक मनात म्हणत असतील. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना ऐकू आलेली हाक, १९५० मधली संघाची स्थापना, १९५२ मधले कालीघाटचे 'निर्मल हृदय' हे सर्वांना माहीत आहे. कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की १९७३ पासून त्यांच्या सिस्टर्स रोज एक तास परमप्रसादासमोर मौन आराधना करू लागल्या. पूर्वी ती आठवड्यातून एकदा असे. काम वाढत होते, माणसे दारात होती आणि मदरनी प्रार्थनेचा वेळ वाढवला. कोणत्याही व्यवस्थापकाला हे उफराटे वाटेल.

त्यानंतरची गोष्ट अधिक विलक्षण आहे. मदर १९९७ मध्ये गेल्या. २००७ मध्ये त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली आणि जगाला कळले, की काम सुरू केल्यापासून जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना प्रार्थनेत देवाचे सान्निध्य जाणवतच नव्हते. आत काळोख होता. म्हणजे तो रोजचा तास त्यांच्यासाठी समाधानाचा नव्हता. मोबदला शून्य, तरी त्या बसत राहिल्या. मला वाटते, कालीघाटच्या खाटेवर पडलेला माणूसही त्याच अवस्थेत असे. हाक मारायची आणि उत्तर येईल याची खात्री नाही. रिकाम्या हातांनी बसणे काय असते, हे मदरना ऐकून ठाऊक नव्हते.

पण इथेच दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १९९४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी कोलकात्याचे हे केंद्र पाहून लिहिले, की रोगनिदानात शिस्त नाही आणि तीव्र वेदनाशामके वापरली जात नाहीत. ख्रिस्तोफर हिचेन्स यांनी १९९५ मध्ये पुस्तक लिहून आणखी कठोर टीका केली. या टीकेतला काही भाग पूर्वग्रहाचा असेल, पण वेदनाशामकाचा मुद्दा भक्तीने झटकून टाकता येत नाही. प्रेमाने धरलेला हात आणि दुखणे थांबवणारे औषध यांत निवड करायची नसते. दोन्ही द्यायचे असते. शातियोंच्या बायकांच्या हातात प्रार्थनेबरोबर पाळीपत्रक आणि हिशेबाची वही देणाऱ्या व्हिन्सेंटने हेच विचारले असते. प्रार्थनेने नजर मिळते. औषधाची मात्रा शिकूनच घ्यावी लागते.

मग जे प्रार्थना करीत नाहीत त्यांचे काय? आपल्या महाराष्ट्रात देवाचे नावही न घेता आयुष्य वेचणारे कार्यकर्ते कमी नाहीत. त्यांच्यापुढे मान लववूनच मी हे लिहितो आहे. देव आहे की नाही, हा वाद सोडवण्याची माझी पात्रता नाही. मला एवढेच दिसते, की देणाऱ्याला कुठेतरी रिकाम्या हातांनी उभे राहावे लागते. गाडगेबाबा दिवसभर खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. लाखो रुपयांच्या धर्मशाळा बांधल्या, स्वतः मात्र त्यांत राहिले नाहीत. जेवायला हातात मडक्याचे खापर. त्या खापराने त्यांना घेणाऱ्यांच्या रांगेत ठेवले होते. ज्याच्याकडे प्रार्थना नाही, त्याने स्वतःचे खापर शोधावे. ते नसेल, तर चांगुलपणाची सावकारी व्हायला वेळ लागत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांचे गरिबांवरील प्रेमाविषयीचे 'डिलेक्सी ते' हे पत्र प्रसिद्ध झाले. त्यांच्या आधीचे पोप फ्रान्सिस यांनी मृत्यूपूर्वी ते लिहायला घेतले होते. गरीब हा केवळ मदतीचा विषय नाही, त्याच्याकडून शिकायचे असते, हा त्यातला एक धागा. तो वाचताना मला वसईतली एक संध्याकाळ आठवली.

आमच्या कॅशियरांचे जोडीदार आजारी होते आणि एकट्याने जायचे नाही म्हणून त्यांनी मला बरोबर नेले. नाव विचारायचे नाही, या बोलीवर. स्टेशनच्या पूर्वेकडची चाळ, शेवटची खोली. एक बाई, अंथरुणावर तिचा मुलगा. ती ख्रिस्ती नव्हती. यांनी आणलेले तांदूळ आणि औषध कोपऱ्यात ठेवले, त्याविषयी चकार शब्द काढला नाही आणि भिंतीला टेकून खाली बसले. मीही बसलो. मुलाशी क्रिकेटच्या गप्पा झाल्या. बाईने स्टोव्ह पेटवला. माझ्या मनात आले, हिला कशाला खर्चात पाडायचे? मी "राहू द्या" म्हणणार, तोच यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. कोरा चहा आला, दोन वेगवेगळ्या कपांत. त्यांनी तो चवीने, सावकाश घेतला आणि आणखी अर्धा कप मागितला. बाईचा चेहरा एकदम खुलला. ती म्हणाली, "साखर कमी नाही ना झाली?"

परतताना बराच वेळ आम्ही न बोलता चाललो. फाटकाशी गाडी जायची होती म्हणून थांबलो, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, आज आपण पाहुणे होतो."